बाटलीवर कर्करोगाचा रंग कोणता?

आषाढ पौर्णिमेला विहारांत वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास वऱ्हाडात पऱ्हाटीवर, सोयाबीनवर फवारणीचे दिवस लागतात. आश्विन पौर्णिमेपर्यंत दोन्ही सोबत चालतात. संध्याकाळी ग्रंथवाचनाला येऊन बसणाऱ्यांपैकी कित्येकांच्या पाठीवर दुपारपर्यंत पंप असतो. आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून आलेला माणूस शेजारी बसला तरी वास येतो. आपल्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. 'औषध मारायला गेलो होतो', असं सहज सांगतात.

या औषधाच्या बाटलीवर एक चौकोन असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ही सोय केलेली आहे आणि ती कळतेही. लाल तिकोन असला की माणूस जपून राहतो, तोंडाला रुमाल बांधतो. हिरवा असला की म्हणतो, "हिरवा हाय नं, काई होत नाई." आम्हाला आज या 'काई होत नाई' बद्दल बोलायचं आहे. कारण तो त्रिकोण नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे फवारणी करणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही.

त्रिकोणाचा हिशोब कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये आहे. प्रयोगशाळेत उंदरांना विष पाजतात. निम्मे उंदीर मरायला त्यांच्या वजनाच्या एका किलोमागे किती मिलिग्रॅम लागलं, ते मोजतात. ५० पर्यंत लागलं तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून जास्त लागलं तर हिरवा. म्हणजे पोटात गेलं तर हे विष किती लवकर जीव घेईल, याचं हे माप आहे. तेच विष थोडं थोडं, अंगावरून, श्वासातून, वीस हंगाम शरीरात जात राहिलं तर काय होईल, हे या मापात येतच नाही. कर्करोगाला दहा, वीस, कधी तीस वर्षं लागतात. उंदराच्या त्या परीक्षेत तेवढी वाट कुणी पाहत नाही. बाटलीवर कर्करोगाचा रंगच नाही.

खरं तर तत्काळ विषबाधेच्या बाबतीतही या रंगांनी दगा दिलेला आपण पाहिला आहे. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. आपल्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांनाही त्याची झळ लागली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळी होती, एकात दुसरं औषध मिसळून मारलं जात होतं आणि फवारा थेट तोंडावर येत होता. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. मग नोव्हेंबरात, हंगाम सरता सरता, यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं, ते जहाल म्हणून माहीतच होतं. पण त्यात डायफेंथियुरॉनही होतं. उंदराला मारायला ते किलोमागे दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे नियमाप्रमाणे निळ्या गटातलं. उंदराच्या पोटाचं माप शेतात पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला लागू पडतंच असं नाही.

ते ६० दिवस संपले, बातम्या संपल्या. तेव्हा चर्चा झाली ती त्याच दिवशी, त्याच आठवड्यात मेलेल्यांची. जे मेले नाहीत, घरी परतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा पंप घेऊन गेले, त्यांच्या शरीरात पुढे काय होणार, हा प्रश्न कुणाच्या कागदावर आला नाही.

आता दुसरी यादी पाहू. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. १९६५ साली ती स्थापन झाली. तिला आयएआरसी म्हणतात. एखाद्या पदार्थानं किंवा एखाद्या कामानं कर्करोग होतो का, याचा जगभरचा पुरावा तपासून ही संस्था गट ठरवते. माणसांमध्ये पुरेसा पुरावा मिळाला तर गट १. माणसांमध्ये मर्यादित पण प्राण्यांमध्ये पुरेसा असेल तर साधारणपणे गट २ए, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. त्याहून कमी असेल तर २बी, म्हणजे 'शक्यता आहे'. काहीच ठरवता येत नसेल तर ३.

गट १ मध्ये सव्वाशेहून जास्त गोष्टी आहेत. तंबाखू, सुपारी आणि दारू आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच गटात लाकडाचा भुसा आहे, श्वासातून जाणारी सिलिकाची बारीक धूळ आहे, डिझेलचा धूर आहे, वेल्डिंगचा धूर आहे, बेंझीन आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहे. रंगाऱ्याचं काम हे कामच गट १ मध्ये आहे. परतवाड्याच्या आरागिरणीवरचा माणूस, गिट्टी क्रशरवरची बाई, वेल्डिंगच्या दुकानात शिकाऊ म्हणून राहिलेला पोरगा, घरं रंगवणारी जोडी. ही कामं कोण करतं, हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी, नाहीतर उगाच घबराट होते. आयएआरसीचा गट हा पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. गट १ मधल्या दोन गोष्टी सारख्याच घातक असतात असं नाही. किती प्रमाणात, किती वर्षं, कोणत्या वाटेनं शरीरात गेलं, यावर धोका ठरतो. शिवाय ही संस्था कायदा करत नाही, बंदी घालत नाही. ती पुरावा मांडते. पुढचं काम सरकारचं असतं.

मार्च २०१५ मध्ये याच संस्थेनं ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन या तिघांना २ए गटात टाकलं. त्याच वर्षी लिंडेनला गट १ मध्ये, डीडीटीला २ए मध्ये आणि २,४-डी या तणनाशकाला २बी मध्ये टाकलं. यांतली काही नावं आपल्या कृषी केंद्राच्या फळीवर रोज दिसतात. ग्लायफोसेट किंवा मॅलॅथिऑन उंदराच्या परीक्षेत लाल रंग मिळवण्याइतकं जहाल नाही. म्हणजे ल्योंमध्ये जे 'बहुधा कर्करोगकारक' ठरलं, त्याच्या बाटलीवर अकोटच्या दुकानात लाल खूण नसते. दोन्ही याद्या आपापल्या जागी खऱ्या आहेत, कारण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. फसतो तो एकीचं उत्तर दुसरीचं समजणारा.

ग्लायफोसेटबद्दल जगात एकमत नाही, हेही आम्ही लपवणार नाही. अमेरिकेचं पर्यावरण खातं आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था म्हणते की त्यानं कर्करोग होण्याची शक्यता दिसत नाही. दुसरीकडे ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीनं, शाळांच्या मैदानांवर हे तणनाशक फवारून नंतर कर्करोग झालेल्या एका कामगाराच्या बाजूनं निकाल देऊन २८.९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे वरच्या न्यायालयात ती बरीच कमी झाली, पण निकाल टिकला. तो कामगार उभा राहू शकला, कारण त्याच्याकडे नोकरीची नोंद होती. कोणतं औषध, कधी, किती वेळा फवारलं, हे त्याला दाखवता आलं. आपल्या फवारणीवाल्याकडे यातलं काय आहे?

वऱ्हाडात ग्लायफोसेटचा प्रश्न आणखी गुंतलेला आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. निंदणाची मजुरी परवडत नाही, बायामाणसं मिळत नाहीत, ही त्यांची बाजू होती आणि ती खोटी नव्हती. पण निंदण गेलं की दोन गोष्टी होतात. निंदणाऱ्या बाईची रोजी जाते आणि त्याच घरातल्या पुरुषाच्या पाठीवर तणनाशकाचा पंप येतो. पुढे २५ ऑक्टोबर २०२२ ला केंद्रानं आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरायचं. उद्योगानं त्याला न्यायालयात आव्हान दिलं. गावात मात्र अशा परवानाधारकाला कुणी पाहिलेलं नाही. तिथं रोजीवर मिळेल तोच फवारणारा.

तिसरी यादी कारखान्याच्या कायद्यातली आहे. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ ला जे घडलं, त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण आलं, कामाच्या जागेच्या हवेत कोणतं रसायन किती चालेल याची अनुसूची आली. मालकानं कामगाराला धोक्याची माहिती द्यायची, आरोग्याची नोंद ठेवायची, असं बंधन आलं. कळवणं सक्तीच्या अशा २९ रोगांच्या यादीत 'व्यवसायजन्य कर्करोग' हा शब्दही आहे. डॉक्टरला असा रुग्ण दिसला तर त्यानं कारखाना निरीक्षकाला कळवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता लागू झाली. रोगांची यादी तिच्यातही आहे.

आता गंमत पहा, तिला गंमत म्हणावं का माहीत नाही. शेतातला कापूस जिनिंगमध्ये गेला की तो या कायद्यात येतो. त्याची धूळ किती असावी याची मर्यादा ठरलेली आहे, त्या धुळीनं होणारा बिसिनोसिस २९ रोगांत आहे. तोच कापूस शेतात उभा असताना त्याच्यावर विष मारणारा माणूस मात्र कुठंच नाही. संहितेत आस्थापना म्हणजे जिथं दहा किंवा अधिक कामगार आहेत ती जागा आणि विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस किंवा अधिक. आधी ही संख्या दहा होती. पाच एकरांच्या मालकाकडे फवारायला दोघं येतात. आरागिरणीवर सहा जण, वेल्डिंगच्या दुकानात तिघं. ज्यांना मोजायला हवं ते बहुतेक या आकड्याच्या खालीच काम करतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. खाणकामगार, गिरणीकामगार यांच्यासाठी त्या चार वर्षांत जे उभं राहिलं त्यावर आजचे कामगार कायदे बसले आहेत. पण त्यांनी कामगार म्हणजे फक्त गिरणीतला असं कधी मानलं नाही. स्वतंत्र मजूर पक्षानं जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेलेला मोर्चा कुळांचा, शेतकऱ्यांचा होता. कायदा मात्र गिरणीच्या फाटकाशीच थांबला आणि फाटकाबाहेर राहिलेल्यांत आपली माणसं जास्त आहेत.

संहितेत एक फट आहे आणि ती आपल्या उपयोगाची आहे. जीवाला धोका असलेलं काम असेल तर केंद्र सरकार अधिसूचना काढून एकच कामगार असलेल्या ठिकाणीही ही संहिता लागू करू शकतं. कीटकनाशकाची फवारणी हे असं काम नाही तर दुसरं कोणतं? ही अधिसूचना मागणं हे आपल्या संघटनांचं काम आहे. निवेदनात 'शेतमजुरांना न्याय द्या' एवढंच लिहून देण्यापेक्षा हे कलम दाखवून मागितलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागेल.

मदतीचं बघितलं तर तिथं सातबारा आडवा येतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा धरलेली आहे, दोन लाखांपर्यंतची मदत आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर एक गुंठा नाही, जो दुसऱ्याच्या शेतात रोजीनं विष मारतो, तो या योजनेच्या दारातच अडतो. त्याच्यासाठी वेगळा रस्ता होता, तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतात कीटकनाशक फवारणाऱ्या मजुराचा स्पष्ट उल्लेख होता. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. फवारताना मजूर दगावला तर जबाबदारी काम देणाऱ्यावर येऊ शकते. पण पंधरा वर्षांनी झालेल्या कर्करोगासाठी, पंधरा वर्षांत पन्नास जणांच्या शेतात काम केलेल्या माणसानं कुणाकडे बोट दाखवायचं?

दवाखान्यात काय होतं तेही आम्ही पाहिलं आहे. आमच्या ओळखीचे एक काका, आयुष्यभर फवारणी केलेले, गिल्टी सुजली म्हणून आधी गावच्या डॉक्टरकडे, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग नागपूरला गेले. तीन ठिकाणच्या केस पेपरवर तीनदा विचारलं गेलं, खर्रा खाता का, बिडी ओढता का, दारू घेता का. काम कोणतं करता, या रकान्यात तिन्ही ठिकाणी 'मजूर' एवढंच लिहिलं. कशाचा मजूर, हे कुणी विचारलं नाही. त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही, कारण ते तर औषध मारत होते.

खर्रा सुटलाच पाहिजे, त्यात वाद नाही. तोंडाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे आणि फवारणीच्या हातानं खर्रा घोटून तोंडात टाकणं म्हणजे तर दुप्पट जुगार. त्या काकांचा आजार फवारणीनंच झाला असं म्हणायलाही आमच्याकडे आधार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की खर्ऱ्याच्या उत्तरानं पुढचा प्रश्न बंद होतो आणि ज्याचा प्रश्नच विचारला नाही त्याचा पुरावा कधी जमत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या अहवालात देशभरातल्या लोकसंख्येवर आधारित २८ कर्करोग नोंदवह्यांची माहिती होती. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड आणि आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा होता. अमरावती आणि अकोला नव्हते. फवारणीच्या बळींसाठी तपास पथक ज्या विभागात नेमलं, त्या विभागातल्या या दोन जिल्ह्यांचा कर्करोग त्या अहवालात मोजलाच गेलेला नव्हता.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा व्यवसायजन्य कर्करोगावरचा करार १९७४ चा आहे. कर्करोगकारक पदार्थांची यादी करा, शक्य तिथं दुसरा पदार्थ वापरा, संपर्कात आलेल्यांची नोंद ठेवा आणि काम सुटल्यानंतरही तपासणी करा, असं तो सांगतो. भारतानं तो आजवर मान्य केलेला नाही. आपल्याच कीटकनाशक नियमांत मात्र फवारणी करणाऱ्यांची कामाआधी आणि नंतर वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करायला सांगितलेली आहे. नियम १९७१ चा आहे. अशी तपासणी झालेला एक फवारणीवाला आम्हाला आमच्या ओळखीत सापडलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, लहान शेतकरी दोन मजुरांची तपासणी कुठून करणार? बरोबर आहे. तोही बहुतेकदा कर्जातच असतो आणि अनेकदा स्वतःच फवारतो. त्याच्या अंगावर हे लोटून देणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. विषाच्या प्रत्येक बाटलीवर नफा कमावणाऱ्याकडून तो खर्च घेता येतो. उपासकानं करू नयेत अशा पाच व्यापारांत भगवंतांनी विषाचा व्यापार सांगितला आहे. तिथं बोट विकणाऱ्यावर आहे. सरकारकडे बघावं तर २०२० च्या मे महिन्यात २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात मॅलॅथिऑन होतं, २,४-डी होतं, मॅन्कोझेब होतं. २०२३ ला अंतिम आदेश आला तेव्हा पूर्ण बंदी मोजक्याच नावांवर उरली. मॅन्कोझेबची मान्यता युरोपनं २०२० मध्येच काढून घेतली होती, प्रजनन आणि हार्मोनवरच्या परिणामांमुळे. उंदराच्या मापात ते हिरव्या त्रिकोणाचं आहे.

अधिसूचना, नोंदवही, तपासणी या गोष्टींसाठी निवेदनं द्यावी लागतील आणि वेळ लागेल. या वर्षावासात मात्र एक काम विहारातून होण्यासारखं आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी एक साधी वही घालावी. आठवड्यातून एकदा, ग्रंथवाचन संपल्यावर, फवारणीला गेलेल्यांना विचारून लिहावं: तारीख, कुणाचं शेत, किती पंप मारले, कोणती दोन औषधं एकत्र केली, नंतर मळमळ-चक्कर झाली का. बाटलीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा, त्रिकोणाचा नाही, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेल्या रसायनाच्या नावाचा. पाणी आणणाऱ्या, औषध कालवून देणाऱ्या आणि ते कपडे हातानं धुणाऱ्या बायांची नावंही त्याच वहीत असावीत, कारण त्यांना फवारणीवाले म्हणून कुणी धरत नाही. आणि घरात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर केस पेपर लिहिणाऱ्याला नुसतं 'मजूर' लिहू देऊ नये. 'फवारणी, इतकी वर्षं' असं लिहून घ्यावं आणि त्या कागदाची एक प्रत घरी ठेवावी.